वाचाघात आणि संवादाची साधने: प्रस्तावना

पक्षाघाताच्या झटक्यातून माणूस वाचला की घरच्यांचे लक्ष साहजिकच त्याच्या लुळ्या पडलेल्या हातापायांकडे जाते. तो उठून बसेल का, चालेल का, स्वतःच्या हाताने जेवेल का, हे प्रश्न डॉक्टरांना विचारले जातात, मालीश आणि व्यायाम सुरू होतो, आणि वाचेचा प्रश्न मात्र ‘येईल हळूहळू’ या आशेवर सोडून दिला जातो. पक्षाघाताच्या दर तीन रुग्णांपैकी साधारण एकाला झटक्यानंतर भाषेचा विकार जडतो, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांतून वारंवार आढळले आहे. त्यामुळे २०११च्या जनगणनेनुसार मिळून ५८ लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न मोजक्या घरांपुरता असेल असे मानायला आधार नाही. लोक ‘अंगावरून वारं गेलं’ किंवा ‘लकवा मारला’ असे म्हणतात आणि पुढे ‘वाचा बसली’ एवढी जोड देतात. पण त्या जोडीमागे किमान तीन वेगवेगळे विकार असू शकतात, आणि प्रस्तुत पुस्तकात ज्या साधनांचा विचार केला आहे त्यांची निवड या तिहींपैकी नेमके काय झाले आहे यावर ठरते.

पहिल्या विकारात ओठ, जीभ, टाळू आणि स्वरयंत्र यांचे स्नायू दुबळे होतात किंवा त्यांचा मेळ बिघडतो. शब्द मनात पूर्ण असतो, तोंडातून मात्र तो जड, बोबडा किंवा पुटपुटल्यासारखा बाहेर पडतो. याला डिसार्थ्रिया म्हणतात. दुसऱ्यात स्नायूंत बळ असते, पण कोणता उच्चार कोणत्या क्रमाने करायचा याची मेंदूकडून होणारी आखणी विस्कटते, त्यामुळे रुग्ण चाचपडत राहतो आणि एकच शब्द दर वेळी निराळ्या रीतीने चुकतो. हा उच्चार-नियोजनाचा दोष होय. तिसरा आणि सर्वांत गुंतागुंतीचा विकार म्हणजे वाचाघात, ज्याला वैद्यक ॲफेझिया म्हणते. यात भाषेवरच घाव बसतो, म्हणजे शब्द आठवणे, वाक्य जुळवणे, ऐकलेले उमगणे, वाचणे आणि लिहिणे या सर्व क्षमता कमीअधिक प्रमाणात खचतात. म्हणूनच ‘बोलता येत नाही तर लिहून दाखवा’ ही पाटी-पेन्सिल पुढे करून केली जाणारी विनवणी, कितीही मायेने केलेली असली तरी, वाचाघाताच्या बहुतेक रुग्णांना आणखी एका अपयशासमोर उभे करते.

वाचाघाताचे शास्त्र पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात १८६१ साली पॉल ब्रोका या शल्यविशारदाने केलेल्या निरीक्षणापासून मोजले जाते. त्याचा एक रुग्ण कोणत्याही प्रश्नाला ‘टॅन’ एवढेच उत्तर देई, पण विचारलेले त्याला बरेचसे कळत असे, आणि मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली. पुढे १८७४ साली कार्ल वेर्निके याने याच्या उलट चित्र मांडले: डाव्या कानशिलाच्या मागच्या बाजूला इजा झालेले रुग्ण सफाईने बोलतात, पण त्या बोलण्याला अर्थ उरत नाही आणि समोरच्याचे बोलणेही त्यांना उमगत नाही. पहिल्या प्रकारात बहुधा उजवा हातही लुळा पडतो, कारण हाताच्या हालचालींचे केंद्र मेंदूत जवळच असते. दुसऱ्या प्रकारात हातपाय अनेकदा धड राहतात, आणि म्हणूनच तो ओळखायला अधिक उशीर लागतो. धडधाकट दिसणारा माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला तर घरचे त्याला वेड लागले किंवा बाहेरची बाधा झाली असे समजतात, आणि गुठळी विरघळवणारे औषध देण्याची साडेचार तासांची मुदत त्या समजुतीतच निघून जाते. वाचाघात झालेल्या माणसाची बुद्धी, आठवणी, रागलोभ, घरातले स्थान आणि त्या स्थानाची जाणीव ही मोठ्या प्रमाणात शाबूत असतात, ही गोष्ट या संपूर्ण विषयाच्या मुळाशी आहे.

संवादाच्या साहाय्यक साधनांना शास्त्रीय परिभाषेत संवर्धक आणि पर्यायी संवाद असे नाव आहे; उरलेल्या बोलण्याला जोड देणारे ते संवर्धक आणि बोलण्याची जागा घेणारे ते पर्यायी. हातवारे, चित्रांची पाटी, अक्षरांचा तक्ता, संवादवही, ध्वनिमुद्रित संदेशाचे बटण, मोबाइलवरचे ॲप आणि मेंदूत बसवलेले विद्युत्-अग्र हे सारे या एका नावाखाली येते. सामान्य वाचकाच्या मनात मात्र या विषयाचे चित्र बहुधा एकाच माणसाचे असते: जानेवारी २००१ मध्ये मुंबईत भरलेल्या भौतिकशास्त्राच्या परिषदेला आलेले, खुर्चीत खिळलेले आणि संगणकाच्या आवाजात व्याख्यान देणारे स्टीफन हॉकिंग. ते चित्र प्रेरणादायी आहे, तथापि वाचाघाताच्या संदर्भात ते दिशाभूल करते. हॉकिंग यांचे स्नायू गेले होते, भाषा गेली नव्हती. त्यांना हवा होता तो केवळ बाहेर पडण्याचा मार्ग, आणि तो संगणकाने दिला. मेंदूच्या देठाला पक्षाघात झालेल्या रुग्णांचेही असेच असते. फ्रेंच संपादक जाँ-दोमिनिक बोबी यांना डिसेंबर १९९५ मध्ये असा झटका आला, तेव्हा समोरची व्यक्ती वापराच्या क्रमाने मांडलेली अक्षरे म्हणत जाई आणि हव्या त्या अक्षराला ते डाव्या डोळ्याची पापणी मिटत. या रीतीने त्यांनी पूर्ण पुस्तक सांगितले, जे १९९७ साली प्रसिद्ध झाले. २०२३ साली अमेरिकेत अशाच एका रुग्ण महिलेच्या मेंदूवर विद्युत्-अग्रांची पट्टी बसवून तिच्या मनातले बोलणे मिनिटाला ७८ शब्दांच्या वेगाने पडद्यावर आणि कृत्रिम आवाजात उतरवण्यात आले.

बोबी यांची अक्षरपद्धती मराठीत आणायची तर केवळ भाषांतराने भागत नाही. रोमन लिपीत २६ अक्षरे आहेत. देवनागरीत व्यंजन, त्यावरची मात्रा आणि जोडाक्षर मिळून एक अक्षर सिद्ध होते, त्यामुळे सगळी बाराखडी एका रांगेत म्हणत बसले तर ‘पाणी’ या शब्दापर्यंत पोहोचता पोहोचता रुग्ण थकून जाईल. तक्ता दोन टप्प्यांचा करावा लागतो: आधी क-वर्ग, च-वर्ग अशा ओळींतून ओळ, त्या ओळीतून व्यंजन, मग मात्रा; आणि घरच्या माणसाने पहिल्या एकदोन अक्षरांवरून शब्द ओळखून विचारण्याची सवय लावून घ्यावी लागते. वर्णमालेची वर्गवार मांडणी मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाच्या तोंडी असते, आणि ती येथे अनपेक्षितपणे फार उपयोगाची ठरते.

वाचाघाताच्या रुग्णाला मात्र हा तक्ता सहसा चालत नाही, कारण अक्षरे जुळवून शब्द घडवण्याची क्रियाच त्याच्या बाबतीत मोडलेली असते. १९७०च्या दशकात बॉस्टनमधील संशोधकांनी बोलणे जवळजवळ पूर्ण गेलेल्या रुग्णांना पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर काढलेल्या चिन्हांची एक छोटी भाषा शिकवून पाहिली, आणि काही रुग्ण त्या चिन्हांनी सूचना समजू शकले, साधी उत्तरेही देऊ शकले. पुढच्या दशकात तीच कल्पना संगणकावर नेली गेली. त्या प्रयोगांचा उत्साहवर्धक भाग सर्वत्र सांगितला जातो. तितकाच महत्त्वाचा दुसरा भाग असा, की उपचारकक्षात चिन्हे नीट वापरणारा रुग्ण घरी गेल्यावर ती आपणहून क्वचितच वापरतो. शेकडो चित्रांतून हवे ते शोधायला जी निवडीची आणि आखणीची शक्ती लागते, तीही झटक्याने क्षीण झालेली असू शकते. यंत्र आणले, चार दिवस वापरले आणि कपाटात ठेवले, हा अनुभव जगभर सारखा आहे. त्याचे खापर रुग्णाच्या आळसावर किंवा घरच्यांच्या अनास्थेवर फोडणे अन्यायाचे होईल.

या अडचणीतून निघालेला विचार या पुस्तकाला सर्वांत जवळचा वाटतो. टोरंटो येथील ॲफेझिया इन्स्टिट्यूटमधील ऑरा केगन यांनी १९९०च्या दशकात असे मांडले, की वाचाघाताच्या रुग्णाला जे ठाऊक असते ते त्याला बोलून दाखवता येते त्याहून पुष्कळ अधिक असते, आणि ते बाहेर येण्यासाठी प्रशिक्षण द्यायचे ते मुख्यतः त्याच्याशी बोलणाऱ्याला. साधन मग दोघांमध्ये ठेवायचे असते, एकट्या रुग्णाच्या हाती द्यायचे नसते. समजा, औसा तालुक्यातील एखादा शेतकरी झटक्यानंतर बाजेवर बसून वारंवार दाराकडे हात करतो आणि ‘ते… ते…’ एवढेच म्हणतो. ‘काय पाहिजे?’ हा प्रश्न त्याला निरुपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर शब्दांत द्यावे लागते. मुलाने कोऱ्या कागदावर जाड अक्षरांत एकाखाली एक ‘शेत’, ‘पैसे’, ‘दवाखाना’, ‘दुसरं काही’ असे लिहून, प्रत्येकाशेजारी साधी रेघोटीची आकृती काढून, एकेक शब्द मोठ्याने वाचत बोट ठेवले आणि थांबून वाट पाहिली, तर वडील ‘शेत’वर बोट ठेवू शकतात, पुढच्या कागदावर ‘सोयाबीन’, ‘तूर’, ‘पाणी’, ‘गडी’, त्यापुढच्यावर ‘आता विकायचं’ आणि ‘थांबायचं’. तीन कागदांत घराचा एक निर्णय वडिलांच्या संमतीने होतो. शब्द एकाखाली एक लिहिण्यालाही कारण आहे: डाव्या मेंदूच्या झटक्यात अनेकदा उजव्या बाजूची दृष्टी जाते, आणि आडव्या ओळीत उजवीकडे लिहिलेला पर्याय रुग्णाला दिसतच नाही. मोबाइलच्या पडद्यावरची बटणेही याच कारणाने डावीकडे किंवा उभी मांडावी लागतात, आणि ती डाव्या हाताच्या जाड, थरथरत्या बोटाला पुरतील एवढी मोठी असावी लागतात.

भारतात ही साधने प्रथम आली ती मुख्यतः सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी. मुंबईत मिथू अलूर यांनी १९७२ साली स्थापलेल्या संस्थेपासून त्या कामाला गती मिळाली, आणि लातूरजवळ हरंगुळ येथील संवेदना केंद्राने मराठवाड्यात अशा मुलांचे काम उभे केले. आयआयटी मुंबईच्या आयडीसी अभिकल्प विद्यालयात तयार झालेले जेलो हे ॲपही मुलांना समोर ठेवूनच घडले. ते विनामूल्य आहे, मराठीत चालते, आणि त्यात चित्रांच्या जोडीला ‘आवडते’, ‘आवडत नाही’, ‘हो’, ‘नाही’, ‘जास्त’, ‘कमी’ अशी सहा भावदर्शक बटणे आहेत, ज्यामुळे ‘चहा’ या एकाच चित्रावरून हवा, नको, आणखी, पुरे अशी वेगवेगळी वाक्ये फोन बोलून दाखवतो. ही योजना हुशारीची आहे आणि वाचाघाताच्या रुग्णालाही उपयोगी पडू शकते. परंतु मुलांसाठी काढलेली चित्रे पासष्ट वर्षांच्या माणसापुढे ठेवताना त्याच्या मानाचा विचार करावा लागतो. ज्याच्या शब्दावर कालपर्यंत घर चालत होते त्याला बाहुल्यांची चित्रे दाखवली, तर तो फोन बाजूला सारतो, आणि त्याचे ते करणे रास्त आहे. प्रौढांच्या बाबतीत खऱ्या वस्तूंचे फोटो अधिक चालतात: स्वतःचा तांब्या, स्वतःचा गोठा, नातवंडांचे चेहरे, गोळ्यांची पुडी, एसटी स्टँड, वारीतला फोटो. ज्या आजींनी कधी शाळा पाहिली नाही त्यांना ठोकळेबाज चिन्हांपेक्षा असा फोटो लवकर ओळखू येतो, आणि तो काढायला घरातला कोणताही मोबाइल पुरतो.

चित्रांपेक्षा अवघड प्रश्न आवाजाचा आहे, आणि नांदेड-लातूरच्या संदर्भात तो विस्ताराने मांडणे भाग आहे. मराठीत मजकुराचे उच्चारात रूपांतर करणारे आवाज आता साध्या अँड्रॉइड फोनवर मिळतात, केंद्र सरकारच्या भाषिणी प्रकल्पातही २०२२पासून मराठीवर काम होत आहे. मात्र हे आवाज छापील मराठी बोलतात. ‘मला वेदना होत आहेत’ असे फोन म्हणाला तर अहमदपूरच्या घरात ते समजेल, पण ते त्या घरातल्या माणसाचे बोलणे वाटणार नाही. तिथे ‘पाय दुखायलाय’, ‘काय करायलास’, ‘लई झालं’ असे बोलतात. आपल्या तोंडचे वाटत नाही ते बटण माणूस दाबत नाही. त्यात हे दोन जिल्हे एकभाषी नाहीत. बिलोली, देगलूर, धर्माबादच्या पट्ट्यात तेलुगू घरात बोलली जाते, उदगीर, देवणी, निलंग्याच्या सीमेवर कन्नड, दोन्ही शहरांच्या जुन्या मोहल्ल्यांत दखनी उर्दू, नांदेडच्या गुरुद्वारा परिसरात पंजाबी, कंधार-मुखेड-किनवटच्या तांड्यांवर गोरमाटी, आणि किनवटच्या डोंगराळ गावांत गोंडी व कोलामी. हैदराबाद संस्थानात १९४८पूर्वी शाळेत गेलेल्या, आता अगदी थोड्या उरलेल्या पिढीचे अक्षरज्ञान तर उर्दूतून झालेले आहे. अनेक भाषा येणाऱ्या माणसाला वाचाघात झाला तर त्या सगळ्या सारख्याच बुडतात असे नाही. १८८१ साली रिबो याने आधी शिकलेली भाषा टिकते असा कयास मांडला, १८९५ साली पित्र याने झटक्याच्या वेळी सर्वाधिक वापरात असलेली भाषा आधी परत येते असे म्हटले, आणि दोन्ही नियमांना पुष्कळ अपवाद सापडले आहेत. म्हणून मुखेडच्या तांड्यावरील बाईची तपासणी फक्त मराठीत करून तिला ‘काहीच समजत नाही’ असा शेरा देणे हे अपुरे निदान आहे. गोरमाटीला आजही फोनमध्ये तयार आवाज नाही. तेथे घरातल्याच, शक्यतो त्याच वयाच्या बाईच्या आवाजात पंधरा-वीस वाक्ये ध्वनिमुद्रित करून ती चित्रांना जोडणे हा सोपा आणि उत्तम उपाय आहे, आणि मराठी घरांतही तो यंत्राच्या आवाजापेक्षा सरस ठरतो.

वाचाघातात एक गोष्ट घरच्यांना फार बुचकळ्यात टाकते. ‘पाणी’ हा शब्द ज्याला सापडत नाही तो माणूस आरती सुरू झाली की सगळ्यांबरोबर शब्द म्हणतो, हरिपाठाच्या ओळी सोडत नाही, एक ते दहा अंक मोजतो, रागावला की शिवीही स्पष्ट देतो. यावरून तो मुद्दाम बोलत नाही असा समज होतो. वास्तविक आयुष्यभर घोटलेले, चालीत बसलेले शब्द मेंदूत निराळ्या वाटेने येतात, आणि त्यांत उजव्या मेंदूचाही वाटा असल्याचे मानले जाते. बॉस्टनमध्ये १९७३ साली याच आधारावर सुरावरून बोलण्याकडे नेणारी उपचारपद्धती मांडली गेली, ज्यात रोजच्या गरजेचे छोटे वाक्य संथ चालीत, डाव्या हाताने ताल धरत रुग्णाकडून म्हणवून घेतात आणि चाल हळूहळू काढून टाकतात. ज्या प्रदेशात जात्यावरच्या ओव्या, भजनी मंडळे आणि गुरुद्वाऱ्यातील कीर्तन यांची इतकी दाट वहिवाट आहे तेथे या पद्धतीला तयार जमीन आहे. मात्र आरती म्हणता येणे म्हणजे वाचा परत येणे नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवे. तो उपचाराचा आरंभबिंदू आहे, आणि ते पुढचे काम प्रशिक्षित वाचा-उपचारकानेच करायचे असते. अशा उपचाराने संवाद सुधारतो, हे २०१६ साली ५७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या अहवालाने दाखवले आहे. चित्रे आणि फोन वापरल्याने जीभ आळशी होते, या भीतीला मात्र पुरावा नाही.

शेतीवाडीच्या घरांत या विषयाला आणखी एक बाजू आहे, जिची चर्चा वैद्यकाच्या पुस्तकांत क्वचितच होते. बोलू न शकणाऱ्या माणसाचा अंगठा घेणे सोपे असते. सातबाऱ्यावरचे नाव, बक्षीसपत्र, बँकेतली ठेव, पीककर्ज यांबाबत त्याला विचारले गेले का, आणि विचारले तर त्याने दिलेला होकार खरोखर होकार होता का, हे पाहणारे कोणी नसते. वाचाघातात ‘हो’ आणि ‘नाही’ यांची अदलाबदल ही नित्याची बाब आहे. रुग्ण मान हलवून ‘हो’ म्हणतो आणि त्याच्या मनात नकार असतो. म्हणून प्रत्येक महत्त्वाचा प्रश्न उलटून विचारावा लागतो: ‘जमीन थोरल्याच्या नावावर करायची?’ याला होकार आला, तर थोड्या वेळाने ‘जमीन तुमच्याच नावावर ठेवायची?’ असेही विचारायचे, दोन्हीला होकार आला तर कोणताच ग्राह्य धरायचा नाही, आणि लेखी पर्यायांवर बोट ठेवून घ्यायचे. कायदा येथे रुग्णाच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले, त्यांत वाचा व भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या करताना वाचाघाताचा नावानिशी उल्लेख केला, संवादाच्या व्याख्येत संवर्धक व पर्यायी मार्गांचा समावेश केला, मालमत्ता बाळगण्याचा आणि आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा समान हक्क मान्य केला, आणि न्यायालयात अशा व्यक्तीचे म्हणणे तिच्या पसंतीच्या संवादमार्गाने नोंदवण्याची सोय करण्यास सांगितले. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाले की पुढील सवलतींचा मार्ग खुला होतो. तरीही पक्षाघाताच्या रुग्णासाठी प्रमाणपत्र मागताना लोक हातापायांचेच मागतात, वाचेचे मागायचे असते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आता सेवेच्या उपलब्धतेविषयी. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३पासून वाचा आणि श्रवण या क्षेत्रांत मनुष्यबळ घडवते आहे, नायर रुग्णालयातील शिक्षणक्रम त्याहूनही जुना आहे. परंतु नांदेडहून मुंबई सुमारे सहाशे किलोमीटर, आणि अर्धे अंग लुळे पडलेल्या माणसाला आठवड्यातून दोनदा उपचारासाठी नेणे तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणीही जिकिरीचे होते. नांदेडला विष्णुपुरी येथे १९८८पासूनचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला २००२पासूनचे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचे महाविद्यालय आणि १९६६पासून काम करणारे विवेकानंद रुग्णालय आहे. विष्णुपुरीतच श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था १९८१पासून उभी आहे. म्हणजे झटक्यावर इलाज करणारे डॉक्टर, साधने घडवू शकणारे अभियंते आणि बोलीभाषा जाणणारे विद्यार्थी एकाच परिसरात आहेत. वाचा-उपचारकाने एकदा प्रत्यक्ष तपासून दिशा ठरवून द्यावी, पुढचा सराव फोनवरून दूरस्थ पद्धतीने चालावा, आणि संवादवही कशी भरायची हे आशा कार्यकर्तीला शिकवलेले असावे, ही व्यवस्था नव्या इमारतीवाचून उभी राहू शकते.

प्रस्तुत पुस्तकाची रचना याच हेतूने केलेली आहे. आरंभीची प्रकरणे विकार ओळखण्याविषयी आहेत, मधला आणि सर्वांत मोठा भाग कागद, फोटो आणि ध्वनिमुद्रण यांवर बेतलेल्या साध्या साधनांचा आहे, आणि ॲप व संगणक त्यानंतर येतात. हा क्रम जाणीवपूर्वक ठेवला आहे, कारण ज्या घरात पर्याय समोर ठेवून उत्तराची वाट पाहण्याची सवय लागलेली नाही तेथे महागडे उपकरणही पडून राहते. वाचकाने पुस्तक सलग वाचावे अशी अपेक्षा नाही. रुग्ण अजून वॉर्डातच असेल तर ‘दुखतंय’, ‘तहान’, ‘लघवी’, ‘कूस बदला’, ‘घरच्यांना बोलवा’ अशा चित्रांचा तक्ता परिशिष्टातून आजच काढून खाटेशी लावावा आणि मुक्कामाला थांबणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला तो वापरून दाखवावा. बाकीची प्रकरणे घरी गेल्यावर वाचता येतील.